वडक्कंचेरीचा अपघात: सहलीच्या बसबद्दल कोणाला काय ठाऊक होते

५ ऑक्टोबर २०२२, दसऱ्याचा दिवस. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात मुळंतुरुत्ती इथल्या एका शाळेची दहावी ते बारावीची मुले संध्याकाळी उटीच्या सहलीला निघाली. बस खासगी, पर्यटक परवान्याची. तिच्यात ४२ विद्यार्थी, ५ शिक्षक आणि बसचे २ कर्मचारी होते. रात्री साडेअकराच्या सुमारास पालक्काड जिल्ह्यात वडक्कंचेरीजवळच्या अंजुमूर्ती मंगलम इथे ही बस पुढे चाललेल्या केरळ राज्य परिवहनच्या बसवर मागून आदळली. ती सरकारी बस कोट्टारक्कराहून कोइमतूरला निघाली होती. धडकेनंतर सहलीची बस रस्ता सोडून शेजारच्या पाणथळ जागेत कलंडली. ५ विद्यार्थी आणि १ शिक्षक गेले. सरकारी बसमधले ३ प्रवासीही गेले. त्या तिघांचा त्या शाळेशी, त्या सहलीशी काडीचाही संबंध नव्हता. जखमींची संख्या ४०च्या वर होती.

सहलीच्या गाडीला अपघात झाला की बहुतेक वेळा ब्रेक निकामी झाले किंवा चालकाचा ताबा सुटला असे सांगितले जाते आणि विषय चालकापाशी संपतो. वडक्कंचेरीचे प्रकरण नीट वाचले तर तो तिथे संपत नाही. ही बस त्या रात्री रस्त्यावर असू नये, हे दाखवणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट आधीच कोणाला ना कोणाला ठाऊक होती. परिवहन खात्याला एक भाग ठाऊक होता, मालकाला दुसरा, शिक्षण खात्याने तिसरा कागदावर लिहून ठेवला होता आणि चौथा तर पालकांनी शाळेच्या फाटकाशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. या चारही गोष्टी एका माणसाच्या हातात आल्या नाहीत, आणि ज्यांच्या हातात एखादी होती त्यांना बस थांबवता आली नाही. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हाच आहे. म्हणून चालकाच्या दोषापेक्षा मी इथे त्या चार गोष्टींवर जास्त थांबणार आहे.

परिवहन खात्याला काय ठाऊक होते

अपघातानंतरच्या चौकशीत पहिल्याच दिवशी पुढे आले की ही बस खात्याच्या काळ्या यादीत होती. तिच्यावर पाच प्रकरणे नोंदलेली होती. नियमबाह्य रंगीत दिवे आणि कर्कश हॉर्न अशा गोष्टींचा त्यांत समावेश होता. तरीही तिचे योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला नुसते ‘फिटनेस’ म्हणतो ते, मुदतीत होते. त्यामुळे ती रस्त्यावर धावत होती.

काळ्या यादीतली गाडी म्हणजे बंद पडलेली गाडी, असे सामान्य पालकाला वाटते. प्रत्यक्षात त्या नोंदीने आरटीओतली कामे अडतात. दंड भरेपर्यंत गाडी दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, काही कागद मिळत नाहीत. गाडी मात्र भाडी मारत राहते. शाळेने त्या गाडीचा क्रमांक आठवडाभर आधी आरटीओला कळवला असता तर तिथल्या माणसाला संगणकावर ही नोंद लगेच दिसली असती. शाळांनी सहलीआधी मोटार वाहन विभागाला कळवावे, अशी सूचना केरळमध्ये त्याच वर्षी दिलेली होती. या सहलीबाबत तसे कळवले गेले नव्हते, असे अपघातानंतर परिवहन खात्याकडून सांगण्यात आले.

शाळेची बाजूही समजून घ्यायला हवी. सहलीचे काम शाळेत सहसा एखाद्या क्रीडाशिक्षकावर किंवा भूगोलाच्या बाईंवर येऊन पडते. त्यांना वर्ग सांभाळून पैसे गोळा करायचे असतात, राहण्याची सोय बघायची असते, संमतीपत्रे मोजायची असतात. परिवहन खात्याला पत्र पाठवायचे आहे हे त्यांना कोणी सांगितलेले असतेच असे नाही. सूचना निघते, जिल्हा कार्यालयात पोहोचते, तिथून मुख्याध्यापकांच्या टेबलावर येते आणि फाइलला लागते. वडक्कंचेरीत नेमके काय घडले हा त्या शाळेचा प्रश्न. पण ही वाट आपल्याकडेही ओळखीची आहे.

मालकाला काय ठाऊक होते

त्या बसमध्ये वेगनियंत्रक होता आणि जीपीएसवर चालणारे वाहनमाग यंत्रही होते. वेगनियंत्रकाची मर्यादा ताशी ८० किलोमीटर. अपघाताच्या वेळी बसचा वेग ताशी ९७.७ किलोमीटर नोंदला गेला. नियंत्रक जागेवर असताना ८०ची मर्यादा ओलांडली गेली याचा अर्थ एकच, त्याच्याशी छेडछाड झालेली होती. आणि वेग वाढला की यंत्रातून निघणारा इशारा मालकाच्या मोबाईलवर जात होता. त्या रात्रीही गेला. चालकावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. इशारे मिळूनही काही केले नाही म्हणून मालकालाही अटक झाली.

८० आणि ९७.७ हे आकडे शेजारी ठेवले तर फरक फार वाटत नाही. ताशी ८०च्या वेगाने बस एका सेकंदात २२ मीटर जाते. ९७.७ला २७ मीटर. पुढे काहीतरी आहे हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत ताज्यातवान्या माणसालाही सेकंदभर लागतो, पेंगुळलेल्याला त्याहून जास्त. त्यानंतर खरा हिशेब सुरू होतो, कारण गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ८०वर बस जेवढ्या अंतरात थांबते, त्याच्या जवळजवळ दीडपट अंतर ९७.७ला फक्त ब्रेक लावल्यापासून लागते. पुढच्या बसने अचानक ब्रेक लावला असा दावा चालकाने केला. सरकारी बस महामार्गावर प्रवासी उतरवायला किंवा कशासाठीही मंदावणार, हे मागच्या चालकाने गृहीत धरायचेच असते. अंतर आणि वेग हातात असतील तर पुढच्याच्या ब्रेकने मुले मरत नाहीत.

मालकाकडे जाणारा इशारा मला या सगळ्यात सर्वांत जास्त खटकतो. यंत्र होते. बसवायला खर्च झाला होता. ते चालूही होते. पण त्याने सावध केले ते अशा माणसाला, ज्याचा फायदा बस वेळेत पोहोचण्यात आणि लगेच पुढच्या भाड्याला लागण्यात होता. तोच इशारा बसमध्ये बसलेल्या शिक्षकाच्या किंवा घरी जागणाऱ्या मुख्याध्यापकांच्या फोनवर आला असता तर चालकाला एक फोन नक्की गेला असता. ज्याचे मूल गाडीत आहे त्याला गाडीचा वेग कळणे तांत्रिकदृष्ट्या आज मुळीच अवघड नाही.

शिक्षण खात्याने काय लिहून ठेवले होते

केरळच्या शिक्षण खात्याने शालेय सहलींसाठी २०२०मध्येच सूचना दिल्या होत्या. रात्री ९ ते सकाळी ६ या वेळात प्रवास टाळावा, असे त्यांत स्पष्ट म्हटले होते. अपघात झाला रात्री साडेअकराला. म्हणजे नियम पाळला असता तर त्या वेळी बस कुठेतरी उभी असती आणि मुले झोपलेली असती.

मग रात्री का निघतात? यात गूढ काही नाही. एर्नाकुलमहून उटी अडीचशे किलोमीटरच्या पुढे आहे. रात्री निघाले की पहाटे पोहोचता येते, दिवसभर फिरता येते, एका मुक्कामाचे पैसे वाचतात आणि शाळेचा एक दिवस बुडत नाही. दरडोई खर्च खाली येतो, म्हणजे जास्त मुले येऊ शकतात. हा विचार करणारा शिक्षक वाईट नसतो, तो पालकांचेच पैसे वाचवत असतो. आपल्याकडे कोकणात, वेरूळ-अजिंठ्याला किंवा गोव्याला जाणाऱ्या सहलींचे वेळापत्रक असेच आखले जाते. पत्रकावर ‘रात्री ९ वाजता प्रस्थान, सकाळी ६ वाजता आगमन’ असे छापलेले असते आणि एक मुक्काम कमी झाल्याचे पाहून आपल्याला बरे वाटते.

उटीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. अपघात सपाटीवरच्या महामार्गावर झाला. त्या बसला अजून कोइमतूर पार करून निलगिरीचा घाट चढायचा होता, तोही मध्यरात्र उलटल्यावर, माणसाच्या शरीरावर झोपेचा जोर सर्वाधिक असतो त्या वेळेत. वेळापत्रक आखताना सर्वांत अवघड रस्ता सर्वांत वाईट वेळेला आला आहे, हे कागदावर बघूनच कळले असते. सहलीचा आराखडा हातात आला की मी आता हेच आधी पाहते: घाट किती वाजता येतो.

पालकांनी काय पाहिले

बस ठरल्या वेळेपेक्षा उशिरा आली. ती वेलंकन्नीची फेरी करून परतली होती. वेलंकन्नी तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावर आहे, एर्नाकुलमपासून साधारण पाचशे किलोमीटर. तो प्रवास करून आलेला चालक त्याच संध्याकाळी मुलांना घेऊन उटीला निघत होता. चालक थकलेला आणि घामाघूम दिसत होता, असे पालकांनी नंतर सांगितले. त्यांनी त्याच्याकडे चौकशीही केली होती. सांभाळून चालवीन, असे उत्तर मिळाले.

इथे पालकांना दोष देणे सोपे आहे आणि अगदी चुकीचे आहे. त्या फाटकाशी उभे राहून बघा. बेचाळीस मुले पिशव्या घेऊन, नवे कपडे घालून, महिनाभर वाट पाहून तयार आहेत. बसमध्ये गाणी लागली आहेत. आधीच तास-दीड तास उशीर झाला आहे. हॉटेलचे पैसे भरलेले आहेत. अशा वेळी एक आई म्हणते की चालक दमलेला दिसतो. पुढे काय व्हायला हवे, याचे उत्तर त्या आवारात कोणाकडेही नव्हते. दुसरी बस नव्हती, दुसरा ताजा चालक नव्हता, सहल सकाळपर्यंत पुढे ढकलण्याचा अधिकार कोणाला आहे हे ठरलेले नव्हते. स्वतःच्या मुलाला खाली उतरवणे एवढेच त्या आईच्या हातात होते, आणि सगळा वर्ग बघत असताना सोळा वर्षांच्या मुलाला खाली उतरवणे किती कठीण असते हे कोणत्याही पालकाला सांगावे लागत नाही.

शंका खरी होती. ती आली तेव्हा फार उशीर झालेला होता, आणि तिचे पुढे काय करायचे हे ठरवणारा माणूस तिथे नव्हता.

चालकाच्या विश्रांतीबद्दल तेव्हा कायदाही होता. १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला साधारण ८ तास काम, सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि एक दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशी कामावर येईपर्यंत सलग ९ तासांची सुटी, अशी मापे दिली होती. पर्यटनाच्या हंगामात खासगी गाड्यांच्या धंद्यात ही मापे कोण पाळतो? एक फेरी संपवून गाडी धुवायची, डिझेल भरायचे आणि लगेच पुढच्या भाड्यावर जायचे, असे चालक सर्रास सांगतात. त्यांचा पगार त्यावरच असतो. थकलेल्या चालकाला गुन्हेगार ठरवताना त्याला थकवणारी व्यवस्था डोळ्यांआड होते, आणि पुढच्या सहलीला दुसरा तसाच थकलेला माणूस येतो.

मुलांना काय हवे होते

या प्रकरणाचा हा भाग पालकसभांत फारसा निघत नाही. केरळमध्ये पर्यटक बसचे मोठे वेड आहे. रंगवलेल्या, लेझरचे दिवे आणि छाती हादरवणारे ध्वनिक्षेपक लावलेल्या बसना मुलांमध्ये चाहते असतात. समाजमाध्यमांवर त्यांची पाने चालतात, बसना नावे असतात. सहलीला अमुक बसच हवी असा मुलांचा आग्रह असतो आणि शाळा-कॉलेजे तो मानतात. मग मालक पैसे कशावर घालतो? टायर आणि ब्रेकवर घातलेला पैसा मुलांना दिसत नाही, दिव्यांवरचा दिसतो.

आपल्याकडेही हे आले आहे. सहलीची बस ‘एसी पुशबॅक’ आहे का, तिच्यात गाणी आहेत का, हे मुले पहिल्यांदा विचारतात आणि लालपरी म्हटले की नाके मुरडतात. मुलांनी मजा मागणे स्वाभाविक आहे. पण नववी-दहावीच्या मुलांना बस निवडताना काय पाहायचे हे शिकवता येते. गाडीचा क्रमांक अ‍ॅपवर टाकून तिचे कागद पाहणे हा त्यांच्यासाठी अर्ध्या तासाचा उत्तम प्रकल्प होईल, आणि ते आपल्यापेक्षा हे काम जास्त चोख करतील याबद्दल मला शंका नाही.

नंतर काय झाले

केरळ उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. परिवहन खात्याने पर्यटक बसची धडक तपासणी हाती घेतली आणि वेगनियंत्रकाशी छेडछाड केलेल्या, नियमबाह्य दिवे लावलेल्या बस सापडत गेल्या. पर्यटक बसना पांढरा रंग सक्तीचा करण्याचा निर्णय आधीच झालेला होता, त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची होती. ती आता ११ ऑक्टोबरपासून लागू झाली. रात्रीचा प्रवास नको आणि सहलीआधी परिवहन खात्याला कळवा, या जुन्याच सूचना पुन्हा कडक शब्दांत बजावण्यात आल्या.

पांढऱ्या रंगावर बराच वाद झाला. मला तो निर्णय अर्धवट पटतो. रंगरंगोटीची चढाओढ थांबली तर पैसा दुरुस्तीकडे वळण्याची शक्यता वाढते. पण पांढऱ्या बसचा चालकही वेलंकन्नीहून न झोपता येऊ शकतो. नियमांचा भर गाडीवर राहिला, कारण गाडी तपासता येते. चालक किती झोपला आहे हे तपासायला अजून कोणी बसवलेले नाही.

बोरघाट, दोन महिन्यांनी

वडक्कंचेरीला जेमतेम दोन महिने झाले असतील. ११ डिसेंबर २०२२, रविवार. चेंबूरच्या एका खासगी क्लासची दहावीची मुले लोणावळ्याची सहल करून परत येत होती. रात्री आठच्या सुमारास जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर बोरघाटात, खोपोलीच्या बाजूला, त्यांची बस उलटली. दोन मुले गेली, कित्येक जखमी झाली. इथे चालक, वेग आणि रस्ता यांचा हिशेब वेगळा होता, म्हणून दोन्ही अपघात एकाच साच्यात बसवू नयेत. पण एक गोष्ट महाराष्ट्रातल्या पालकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. ती सहल शाळेची नव्हती, क्लासची होती. शाळेच्या सहलीला निदान शिक्षण खात्याची परवानगी, सोबतच्या शिक्षकांचे प्रमाण, संमतीपत्र असे काही कागद तरी करावे लागतात. क्लासच्या सहलीला कोणाची परवानगी घ्यायची हेच ठरलेले नव्हते. आणि आज कित्येक घरांत मूल शाळेपेक्षा क्लासमध्ये जास्त वेळ असते.

महाराष्ट्रात शाळेच्या रोजच्या वाहतुकीसाठी २०११चे शाळा बस नियम आहेत. मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते, तिच्यात पालकांचा प्रतिनिधी असतो, पोलीस आणि आरटीओचीही माणसे असतात. ही चांगली रचना आहे. मात्र ती पिवळ्या बसभोवती बांधलेली आहे. सहलीसाठी बाहेरून ठरवलेली पर्यटक बस त्या समितीसमोर बहुधा येतच नाही. वर्षभर रोज शाळेत येणाऱ्या बसची तपासणी होते आणि मुलांना सर्वांत लांब, घाटातून, अनोळखी रस्त्यावरून नेणारी बस कोणा नातेवाइकाच्या ओळखीतून ठरते. समितीची बैठक सहलीआधी एकदा घेऊन त्या बसचे कागद तिथे ठेवायला कोणताही नवा कायदा लागणार नाही.

एसटीचा पर्याय मी मुद्दाम इथे मांडते. प्रासंगिक करारावर एसटी घेतली तर शालेय सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. बस आगारातून येते, चालकाची पाळी आगार लावते, वाटेत बंद पडली तर जवळच्या आगारातून मदत मागता येते, आणि तक्रार कोणाकडे करायची हे ठरलेले असते. एसटीला अपघात होत नाहीत असे मुळीच नाही. सहलीच्या एसटीलाही झालेले आहेत. खिळखिळ्या सीट आणि ऐन हंगामात बस न मिळणे या तक्रारीही खऱ्या आहेत. तरीही चालकाच्या झोपेचा प्रश्न विचारायला एसटीत एक पत्ता आहे, आगार व्यवस्थापकाचा. खासगी गाडीत तो पत्ता म्हणजे दलालाचा मोबाईल क्रमांक असतो.

सहलीच बंद करा?

प्रत्येक अपघातानंतर हा सूर निघतो. २०१६च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयाची १४ मुले बुडाली, तेव्हाही निघाला होता. त्यानंतर काही वर्षे कित्येक मुख्याध्यापकांनी सहल हा विषयच टाळला. त्यांची भीती मला समजते. सहलीचे श्रेय कोणी देत नाही आणि काही झाले तर सगळे त्यांच्यावर येते.

पण याचा भार कोणावर पडतो ते पाहिले पाहिजे. ज्यांच्या घरी गाडी आहे, मे महिन्यात महाबळेश्वर ठरलेले आहे, त्या मुलांचे फार बिघडत नाही. मराठवाड्यातल्या एखाद्या वाडीवरच्या मुलीला समुद्र, रायगड किंवा विमानतळ दिसतो तो शाळेच्या सहलीतच. काही मुलींना घरच्यांशिवाय एक रात्र बाहेर राहण्याची परवानगी आयुष्यात पहिल्यांदा त्याच वेळी मिळते. ती संधी काढून घेऊन आपण सुरक्षित झालो असे मला म्हणता येत नाही. सहल लहान करा, जवळची करा, दिवसाची करा, एक मुक्काम वाढवून पैसे थोडे जास्त घ्या आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी पालकांत वर्गणी काढा. हे सगळे सहल रद्द करण्यापेक्षा बरे आहे.

संमतीपत्राची ती ओळ

‘सहलीदरम्यान काही अनुचित प्रकार घडल्यास शाळा जबाबदार राहणार नाही, याची मला जाणीव आहे.’ अशा अर्थाची ओळ बहुतेक संमतीपत्रांत असते आणि आपण तिच्याखाली सही करतो. शाळेला वाटते की आपण सुटलो, पालकाला वाटते की आता काही बोलता येणार नाही. दोन्ही समज चुकीचे आहेत. १९९५मध्ये पंजाबातल्या एका शाळेची सहल बियास नदीच्या काठी गेली होती, तिथे १४ मुले बुडाली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००१मध्ये न्यायालयाने शिक्षकांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी शाळेवर ठेवत प्रत्येक मुलाच्या पालकांना ५ लाख रुपयांची भरपाई कायम केली. मूल शाळेच्या ताब्यात असताना त्याची काळजी घेणे हे शाळेचे कर्तव्यच आहे. छापील ओळीने ते पालकाच्या माथी मारता येत नाही.

म्हणून ती ओळ खोडायला लावण्यात शक्ती घालवण्यापेक्षा त्याच कागदाचा उपयोग करून घ्यावा असे मला वाटते. कागद सहलीच्या किमान आठवडाभर आधी घरी येतो, म्हणजे शंका विचारायला वेळ असतो. त्यावर बसचा क्रमांक असेल तर कोणीही पालक एमपरिवहन अ‍ॅपवर फिटनेस, विमा आणि पीयूसीच्या मुदती पाहू शकतो. शाळेने आरसीची प्रत घेतली असेल तर थकलेली ई-चलानेही पाहता येतात, आणि अतिवेगाची चलाने साठलेली दिसली तर आणखी काही विचारायची गरज उरत नाही. ऐनवेळी दुसरीच बस पाठवण्याची सवय या धंद्यात आहे, त्यामुळे क्रमांक जुळला नाही तर काय, हे मालकाशी केलेल्या लेखी करारात आधीच असले पाहिजे. लांबच्या सहलीला दोन चालक, आणि त्या दोघांची आधीची फेरी कधी संपली हे मालकाने लिहून द्यायचे.

पैशाची अट सर्वांत महत्त्वाची आहे. पूर्ण भाडे आगाऊ दिलेले असेल तर फाटकाशी ‘नाही’ म्हणणे फार महाग पडते. बस, चालक किंवा वेळ करारापेक्षा वेगळी निघाली तर शाळा बस परत पाठवेल आणि आगाऊ रक्कम परत मिळेल, हे एक वाक्य करारात असले की मुख्याध्यापकांचे हात मोकळे होतात. त्याचबरोबर त्या संध्याकाळी फाटकाशी एक शिक्षक असा हवा, ज्याला सहल थांबवण्याचा अधिकार लेखी दिलेला आहे आणि ज्याचे नाव सगळ्या पालकांना माहीत आहे. चालक दमलेला दिसतो असे एखाद्या आईने सांगितले तर तिने ते त्याला सांगायचे. सकाळी सहाला निघू, रात्री मुले घरी झोपतील, असे त्याने जाहीर केले तर त्याच्या निर्णयावर दुसऱ्या दिवशी कोणीही बोट ठेवायचे नाही, हे पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत आधीच मान्य करून घ्यावे लागेल. उशीर झाल्याबद्दल शिक्षकांना धारेवर धरणारे पालकही आपल्यातच असतात.

आपल्याकडे सहली मुख्यतः डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि त्यांचे कागद दिवाळीच्या सुट्टीनंतर घरी येऊ लागतात. त्या कागदावर बसचा क्रमांक, दोन्ही चालकांची नावे, निघण्याची आणि घाट ओलांडण्याची वेळ छापलेली नसेल तर ती सही करण्याआधी मागून घ्यावी. तेव्हा बस अजून ठरायची असते, आणि ती बदलायला एक फोन पुरतो.